बधिर, सुन्न, मुंग्या

आजार एकीचा आणि लेख दोघांचा, असा हा प्रकार आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, गेली अकरा वर्षे मारुंजीत राहतो, आणि एका डोक्यात जे घडले ते समजून घेण्यासाठी तीन वर्षे दोन डोकी झिजवत आहोत. तेव्हा येथले 'आम्ही' हे आदरार्थी नसून अक्षरशः अनेकवचनी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. जिला झाले तिला 'ती' म्हणू.

तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीला मुक्काम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आदला दिवसभर विद्यार्थ्यांबरोबर वारकऱ्यांना पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटून आम्ही रात्री उशिरा घरी पोचलो होतो. आरशासमोर उभे राहून तिने टिकली लावली आणि बोट उलटे करून पाहिले. टिकली कपाळाला लागली की बोटालाच चिकटून राहिली, हे तिला कळले नव्हते. टिकली कपाळावर होती. मग कंगवा. डाव्या भुवईपासून टाळूपर्यंतच्या भागात तो फिरे तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावरून फिरतो आहे असे वाटे. दुपारी तासावर शिकवताना ओठांभोवती मुंग्या आल्या. आपले ओठ नीट हलत आहेत की नाही अशी शंका येऊन ती वाक्य अर्धे सोडून खाली बसली. मुले हसली नाहीत, याचेच तिला अधिक भय वाटले.

पहिला संशय अर्थातच हेल्मेटवर गेला. मारुंजीहून चिंचवडला दुचाकीने जायचे म्हणजे हिंजवडीच्या संगणकनगरीकडे निघालेल्या लोंढ्यात रोज तास-तास अडकून राहायचे, आणि तेवढा वेळ डोके त्या टोपात आवळलेले. भुवईच्या वरून कपाळावर चढणारी एक शीर असते, ती घट्ट टोपाने दाबली जाऊ शकते, हे आम्हांला पुढे कळले. म्हणजे संशय अगदीच खुळा नव्हता. ती पंधरा दिवस बसने गेली. काही फरक पडला नाही. मग बाकीची स्पष्टीकरणे आली. मानेची शीर आखडली असणार. पित्त चढले असणार. चष्म्याचा नंबर बदलला असणार. इमारतीतल्या एका तरुण अभियंत्याने संगणकावर शोधून मेंदूतल्या गाठीपासून सगळे रोग वाचून दाखवले. त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही.

घरातल्या आईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, मात्र वेगळेच केले. खिडकीपाशी बसवून तिचे केस बाजूला सारले आणि हळूच विचारले, "चट्टा नाही ना गं कुठं? फिकट, न कळणारा?" तो प्रश्न समजायला आम्हांला क्षणभर लागला. आईंचे लहानपण आळंदीजवळच्या खेड्यातले. यात्रेच्या दिवसांत वाटेच्या दोन्ही बाजूंना बसलेली, बोटे झडलेली माणसे त्यांनी पाहिलेली. त्यांच्या पिढीला बधिरपणा म्हटला की एकच रोग आठवतो, आणि त्याचे नाव त्या अजूनही घेत नाहीत. आमच्या पिढीला मेंदूतली गाठ आठवते. दोन्ही पिढ्यांचे भय आपापल्या काळाला धरून आहे. पण निदान आईंना नेमके काय तपासायचे हे ठाऊक होते, आम्हांला तेही नव्हते. त्या 'न कळणारा' म्हणाल्या, हा शब्द पुढे आम्हांला फार उपयोगी पडला.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटे ऐकून 'टेन्शन' हे निदान केले आणि झोपेची गोळी लिहून दिली. नंतर एका मोठ्या रुग्णालयात डोक्याचा एमआरआय झाला. त्याचे पैसे मोजताना दिवाळीचा बोनस संपला, आणि अहवालावर एकच शब्द आला: नॉर्मल. हा शब्द ऐकून आनंद व्हावा तसा झाला, आणि तो साधारण लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत टिकला. कारण गाठ नाही, रक्तस्राव नाही, हे कळले. काय आहे ते कळले नाही. तिथल्या डॉक्टरांना तसे विचारले तेव्हा ते म्हणाले, "काही नाही म्हटलं ना, मॅडम." कपाळावरची टिकली लागत नाही आणि 'काही नाही', ही दोन विधाने एकत्र कशी नांदवायची हे आम्ही त्या दिवशी परत येताना बसमध्ये ठरवू शकलो नाही.

तिसरे डॉक्टर चेतासंस्थेचे तज्ज्ञ होते, वयाने आमच्याहून लहान. त्यांनी आधी धोक्याचे प्रश्न विचारून घेतले: एकाएकी झाले का, चेहरा वाकडा झाला का, हातातले बळ गेले का, बोबडी वळली का. यातले एकही लक्षण एकाएकी दिसले तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचे, वाट पाहायची नाही, असे त्यांनी बजावले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता मला सांगा, नेमकं काय होतं?"

"बधिर झालंय."

"म्हणजे कमी कळतं, की काहीतरी जास्तीचं कळतं?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. जवळजवळ पाच महिने आम्ही 'बधिर', 'सुन्न' आणि 'मुंग्या' हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरत होतो. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे केले असते तर आम्ही लाल शाईने खूण केली असती.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या वाचकांना ते विषयांतर वाटणारही नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात, इंग्रजीजवळ मोठमोठ्या भावनांसाठी शब्द आहेत पण साध्या डोकेदुखीसाठी नाहीत, अशी तक्रार केली आहे. मराठीला ही तक्रार करण्याची सोय नाही. ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, चुरचुर, शिरशिरी, झिणझिण्या, भणभण, हुळहुळणे, वळवळणे: यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ठसठशीला नाडीचा ठेका आहे, चमकेला नाही. हुळहुळण्यासाठी आधी साल गेलेली असावी लागते. 'बधिर' हा संस्कृतातला बहिरा. तोच प्राकृतातून येताना 'बहिरा' झाला आणि मूळ रूपात राहिला तो कातडीच्या वाट्याला आला. म्हणजे बधिर कातडी ही ऐकू न येणारी कातडी. 'सुन्न' हा 'शून्य'चा वंशज; तेथे ऐकणारे घरच रिकामे आहे. आणि मुंग्या? तेथे घर रिकामे नाही, उलट नको इतकी गर्दी आहे. गंमत अशी, की वैद्यकात या संवेदनेला 'फॉर्मिकेशन' म्हणतात आणि त्याच्या मुळाशी 'फॉर्मिका' हा मुंगीचाच लॅटिन शब्द आहे. फ्रेंच आणि जर्मन माणसालाही अशा वेळी अंगावर मुंग्याच चालताना जाणवतात. एवढ्या दूरच्या भाषांनी एकच किडा निवडावा, यावरून ती संवेदना सर्वांची एकच असावी असे म्हणायला हरकत नाही.

असो. डॉक्टरांना व्युत्पत्तीशी कर्तव्य नव्हते, पण प्रश्न तोच होता. चेता मेली किंवा दबली की संवेदना वजा होते. ती चिडली की नसलेली संवेदना अधिक होते. पायावर पाय ठेवून बराच वेळ बसले की दोन्ही क्रमाने अनुभवता येतात. आधी पाय 'झोपतो', लाकडासारखा होतो, आणि तेव्हा त्याची काही तक्रार नसते. दाब सुटून चेता जागी होऊ लागली की ती आपल्याआप, कारण नसताना, संदेश सोडू लागते. त्या मुंग्या. म्हणजे मुंग्या हा आवाज आहे आणि बधिरता ही शांतता आहे.

त्यांनी कापसाचा बोळा आणि टाचणी घेतली आणि तिला डोळे मिटायला लावून चेहऱ्याचा नकाशा काढला. चेहऱ्याला संवेदना देणारी चेता तीन शाखांची: कपाळाची, गालाची, जबड्याची. कपाळाची शाखा टाळूपर्यंत जाते आणि तेथे तिची हद्द संपते. मागचे डोके मानेतून निघणाऱ्या चेतांचे. जबड्याचा कोपरा चेहऱ्यावर असूनही मानेच्या मालकीचा आहे, हे ऐकून आम्हांला जमिनीच्या सातबाऱ्याची आठवण झाली. मारुंजीत राहणाऱ्याला होणारच. हद्दींना इतके महत्त्व का, तर एखादी चेता खरोखर बिघडली असेल तर बधिरपणा तिच्या हद्दीत थांबतो. तिचा थांबत नव्हता. तो एके दिवशी टाळूपर्यंत असे आणि दुसऱ्या दिवशी कानामागे उतरे. आणि टाचणीचे टोक तिला डाव्या कपाळावर उजव्याइतकेच टोचत होते. स्पर्श पोचत होता. पण त्यावर दुसरेच काहीतरी चाललेले असल्यामुळे तो परका वाटत होता. मानेची बाजूही त्यांनी चाचपून पाहिली. कानाखालून जाणारी एक चेता कुष्ठरोगात दोरीसारखी जाड होते, ती पाहत होते. आई ऐकत असत्या तर त्यांना या डॉक्टरांविषयी आदर वाटला असता.

ओठांच्या मुंग्यांचा उलगडा त्यांनी तिला दीड मिनिट भराभर श्वास घ्यायला लावून केला. मुंग्या हजर. भीतीने श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण कमी होऊन चेता चाळवतात, आणि पहिल्यांदा ओठ आणि बोटे बोलू लागतात. मुंग्यांनी आणखी भीती, भीतीने आणखी श्वास. पहिल्या डॉक्टरांचे 'टेन्शन' चुकीचे नव्हते, हे आता कबूल केले पाहिजे. त्यांनी फक्त वाक्य पुरे केले नव्हते.

हे सारे झाल्यावर आम्ही उठायला लागलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चपला काढा."

डोक्याच्या दुखण्यासाठी पाय कशाला, असा भाव दोघांच्याही तोंडावर आला असावा. त्यांनी एक मोठा नादकाटा वाजवून तिच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर कळते?" नाही. घोट्यावर. नाही. गुडघ्याखाली. थोडीशी. मग डोळे मिटवून उभे केले, आणि ती डुलली. त्याने धरले नसते तर पडली असती. डॉक्टरांनी विचारले, "सकाळी तोंड धुताना बेसिनला हात धरता का?" ती धरत होती. वर्षभर तरी धरत होती. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटले की एक हात आपोआप बेसिनच्या कडेला जाई, आणि ही आपली सवय आहे असेच तिला वाटत होते. पाय कोठे आहेत हे डोळ्यांना दिसत होते तोवर पायांनी स्वतः काही सांगण्याची गरज नव्हती. डोळे मिटले की ती उणीव उघडी पडे. रोमबर्ग या जर्मन वैद्याच्या नावाने ही खूण एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाते, आणि ती आमच्या न्हाणीघरात रोज सकाळी दिसत होती.

खरे बधिर होते ते पाय, आणि त्यांविषयी आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. बोलणार तरी काय? जे बहिरे झाले त्याने कळवायचे कसे? आम्ही पाच महिने ज्याला बधिर म्हणत होतो ते डोके धडधाकट होते आणि बडबडत होते. आईंचा 'न कळणारा' हा शब्द तेव्हा आठवला. कुष्ठरोगाची सारी शोकान्तिका याच शब्दात आहे. हॅन्सनने १८७३ साली त्याचा जंतू दाखवला, तरी बोटे जंतूनेच झडतात असा समज नंतरही कितीतरी वर्षे होता. वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले, की बोटे जातात ती मुख्यतः वेदना कळत नाही म्हणून: चटका, जखम, रुतलेला खिळा, कशाचीच वर्दी मिळत नाही म्हणून. वरोऱ्याला १९४९ साली आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांच्याबाबतीत नियतीने उलटे टोक निवडले. ज्यांना वेदना कळत नाही अशांमध्ये आयुष्य काढलेल्या या माणसाचा कणा असा बिघडला, की त्यांना बसताच येत नसे. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे.

रक्ताचा अहवाल दोन दिवसांनी आला. जीवनसत्त्व बी-ट्वेल्व्ह: ११२. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर हे त्याचे माप, आणि प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० च्या आसपास. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने स्पंदनाची आणि पायांच्या स्थितीची जाणीव वर नेणारे तंतू असतात. त्यांचे वेष्टन टिकवायला हे जीवनसत्त्व लागते. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हेही सांगितले, की याने पाय उलगडतात, एका बाजूचे कपाळ उलगडत नाही. बी-ट्वेल्व्हची उणीव सहसा पायांपासून सुरू होते.

त्या ११२ चा शोध आम्हांला आमच्याच परिसरात घेऊन आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तीन गट. एकंदर ६७ टक्क्यांत बी-ट्वेल्व्ह कमी निघाले. आणि शहरी मध्यमवर्गात, म्हणजे आपल्यात, ८१ टक्क्यांत. रक्तात कमी म्हणजे प्रत्येकाचे पाय बधिर असे नव्हे, हे खरे. पण ज्या वर्गाला आपले खाणेपिणे व्यवस्थित असल्याचा सर्वांत जास्त विश्वास, त्याच वर्गात हा आकडा सर्वांत मोठा असावा, ही आमच्या मते साधी गोष्ट नाही. स्त्रियांचेही निराळे नव्हते: पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा त्याच गटाने १९९३ पासून जो अभ्यास केला, त्यातही ही उणीव मोठ्या प्रमाणावर आढळली. त्याआधी कितीतरी वर्षे, १९२८ साली, ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत येऊन गिरणीतल्या गरोदर बायकांचे रक्त का पातळ होते ते शोधत होती. तिला सापडले ते या जीवनसत्त्वाचे भावंड, फोलेट. बी-ट्वेल्व्ह वेगळे काढता आले ते १९४८ साली. पुण्या-मुंबईच्या बायकांच्या रक्तात काय नाही, हे जग शंभर वर्षे पाहत आले आहे, आणि मराठी साहित्यात 'अशक्तपणा' या एका शब्दावर आम्ही किती नायिका मारल्या याचा हिशेब कोणी केलेला नाही.

बी-ट्वेल्व्ह वनस्पती तयार करत नाही आणि प्राणीही करत नाही. ते फक्त जिवाणूंना बनवता येते, आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी आणि थोड्या प्रमाणात दूध यांतून पोचते. ती रत्नागिरीकडची. लग्नापर्यंत मासे खाल्लेली. सासरी तीन पिढ्यांची माळ. तिला कोणी 'सोड' म्हटले नव्हते, पण माळकऱ्याच्या घरात ज्या गोष्टी कोणी म्हणत नाही त्याच पाळाव्या लागतात. एकोणीस वर्षांपूर्वी तिने मासे सोडले. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कोणाला काही कळले नाही. त्यात ती गेली सात-आठ वर्षे मेडिकलमधून स्वतःच आणून पित्ताच्या गोळ्या घेत होती. पोटातले आम्ल कमी झाले की अन्नातले हे जीवनसत्त्व सुटे होत नाही. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत स्टाफरूममध्ये या गोळ्या बडीशेपेसारख्या फिरतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्या संध्याकाळी घरात काय झाले ते लिहावे की नाही यावर आमच्या दोघांत मतभेद होता. थोडक्यात लिहितो. ती म्हणाली, "एकोणीस वर्षं मला कोणी विचारलं नाही." तो म्हणाला, "तू कधी बोललीच नाहीस." दोन्ही विधाने खरी होती. आई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "खा तू. वेगळं भांडं ठेव." त्यांच्या तोंडून हे निघायला काय लागले असेल ते आम्ही जाणतो. पण डॉक्टरांनी मासळीची अट घातलेलीच नव्हती; इंजेक्शने पुरेशी होती. तिने अजून मासे खाल्लेले नाहीत. खायचे की नाही हे आता तिचे तिला ठरवायचे आहे, आणि त्याविषयी घरात कोणी गप्प बसत नाही, एवढाच फरक झाला आहे.

इंजेक्शन लाल रंगाचे असते, कुंकवाच्या पाण्यासारखे. पहिल्या महिन्यात पायांना मुंग्या येऊ लागल्या, आणि ती घाबरण्याऐवजी स्वयंपाकघरातून ओरडून सांगू लागली, "आल्या, आल्या!" सहा महिन्यांनी नादकाट्याची थरथर घोट्यापर्यंत कळू लागली. अंगठ्यात अजून नाही. कदाचित येणार नाही, उशीर झाला होता. मानेचे व्यायाम, श्वास मोजणे आणि जुने हेल्मेट टाकून देणे, यांनी डोक्याची बडबड पुष्कळ कमी झाली. पुष्कळ, सारी नव्हे. परीक्षांच्या दिवसांत डाव्या भुवईवर काहीतरी सरकते. डॉक्टर म्हणतात, कारण सांगता येत नाही, धोका नाही, नकाशा बदलला तर या.

मागच्या हिवाळ्यात आई ओट्याशी उभ्या असता सहज म्हणाल्या, "मला तर किती दिवस कापसावर चालल्यासारखं वाटतं. वयच झालं." कधीपासून, असे आम्ही दोघांनी एकदमच विचारले. त्यांनी हिशेब केला. त्यांच्या मोठ्या जावेच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास, म्हणजे सहा वर्षे. सुनेला झाले तेव्हा का नाही सांगितले? "तुझं डोकं दुखत होतं. माझं काही दुखत नव्हतं ना."

त्यांचे ९४ निघाले. इंजेक्शन घेण्याआधी त्यांनी डॉक्टरांना एकच विचारले, की हे कशापासून करतात. डॉक्टरांनी सांगितले, जिवाणूंना मोठ्या टाक्यांत वाढवून, दही विरजतात तसे. आईंनी थोडा विचार केला आणि दंड पुढे केला.